मैफल, चाहता आणि शेवटचा चरण

‘चाहता’ हा शब्द मराठीत हिंदीच्या वाटेने आला आणि पाहता पाहता इतका रुळला की, ‘रसिक’ या आपल्या जुन्या शब्दाला त्याने ओसरीवर बसवले. दोन्ही शब्द आता एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु ते एक नव्हेत. चाहत्याचे प्रेम माणसावर असते, रसिकाचे रसावर. चाहता आपल्या कलावंताला पाहावयास जातो, त्याच्या लकबी त्याला पाठ असतात, त्याने नेहमीचेच गावे असा त्याचा हट्ट असतो आणि ते ऐकले की तो तृप्त होऊन घरी परततो. रसिक मात्र मैफलीला जाताना थोडा साशंक असतो. आज काही घडेल की नाही, हे त्याला ठाऊक नसते. प्रवचनाचे रसिक आणि प्रवचनकाराचे चाहते यांतील फरक आम्हां धर्मगुरूंना अनुभवाने चांगला कळलेला आहे. एकाच माणसाच्या अंगी हे दोघेही नांदू शकतात, आणि बहुधा नांदतातच. त्यांचे पटते कधी आणि बिनसते कुठे, हे पाहण्यासाठी गानसरस्वती किशोरी आमोणकर यांच्या मैफलीइतकी दुसरी चांगली जागा आम्हांला माहीत नाही.

किशोरीताई ३ एप्रिल २०१७ रोजी मुंबईत निवर्तल्या. आज वाटूर फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत उभ्या असलेल्या मुलाच्या मोबाइलमध्येही त्यांचा आवाज सापडू शकतो. पूर्वी ज्यासाठी पुण्या-मुंबईची वारी करावी लागे, ते आता बोटावर आले आहे. ही लहान गोष्ट नव्हे, आणि तिच्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांत आम्ही नाही. तरीही त्या मोबाइलमध्ये गाणे सापडते, मैफल सापडत नाही. मैफलीला वेळ लागतो, गैरसोय लागते आणि शेजारी बसलेली अनोळखी माणसे लागतात.

नव्वदच्या दशकात आम्ही पुण्यात नगर रस्त्यावरील सेमिनरीत शिकत होतो. तत्त्वज्ञानाच्या तासाला सौंदर्य म्हणजे काय याची चर्चा चाले. ते सौंदर्य गावात ऐकू येत असले तरी रात्री बाहेर राहावयाचे म्हणजे रेक्टरसाहेबांची परवानगी काढावी लागे. ती मिळाली की सायकली बाहेर निघत. अशाच एका थंडीच्या रात्री आम्ही आणि आमचा एक सहाध्यायी किशोरीताईंच्या मैफलीला जाऊन बसलो. भारतीय बैठकीचे तिकीट स्वस्त, म्हणून तेथे. आजूबाजूला शाली, कानटोप्या, थर्मास, मांडीवर पेंगणारी पोरे. सतरंजी खालून गार. ठरलेली वेळ टळून गेली तरी पडदा हलेना. आतून तंबोरे जुळविण्याचा आवाज मात्र येत होता; थांबे, पुन्हा सुरू होई. जाणकार म्हणत, ‘बाईंचे तंबोरे लागल्याशिवाय त्या येणार नाहीत’. आणि हे ते अभिमानाने सांगत. नवखे घड्याळाकडे पाहत.

पडदा वर गेल्यावरही लगेच गाणे नाहीच. मांडीवर स्वरमंडळ, दोन्ही बाजूंना तंबोरे, आणि पुन्हा तारा पिळणे. त्या काही मिनिटांत आम्ही जे शिकलो ते पुस्तकांतून शिकलो नसतो. शेकडो माणसे कोणी ‘गप्प बसा’ न म्हणता हळूहळू गप्प होत गेली. तंबोऱ्याचा षड्ज एकदा मंडपभर पसरला की, माणसाला स्वतःच्या हालचालीचा आवाज ऐकू येऊ लागतो आणि तो आपोआप स्थिर होतो. प्रार्थनेपूर्वीची शांतता म्हणून नवशिक्यांना जे आम्ही पुढे शिकवीत आलो, त्याचा पहिला पाठ आम्हांला त्या रात्री मिळाला.

गाणे भूपाने सुरू झाले. भूप हा पाच स्वरांचा राग. मध्यम आणि निषाद हे दोन स्वर त्यात वर्ज्य, म्हणजे त्यांना या घरात प्रवेश नाही. सकाळच्या वेळी गायिल्या जाणाऱ्या देशकारातही हेच पाच स्वर आहेत. मग दोन राग वेगळे कसे? भूपात गांधाराला मान, देशकारात धैवताला. गायक कोणत्या स्वरावर विसावतो, कोणत्या स्वराला नुसता स्पर्श करून पुढे जातो, यावरून राग बदलतो. माणसे तीच, पण यजमान कोण आणि पाहुणा कोण यावरून घराची चाल बदलावी, तसे हे आहे. किशोरीताईंचा गांधार आला आणि त्यांनी तो लगेच सोडला नाही. त्याच्याभोवती त्या फिरत राहिल्या. जवळ जात, परत फिरत. जयपूर–अत्रौली घराण्याची, म्हणजे उस्ताद अल्लादियाखाँ यांची गायकी ही मुळात अशी रेंगाळणारी नाही. लयीशी घट्ट बांधलेली, आकारातून पेचदारपणे उलगडत जाणारी, अनवट रागांत रमणारी, बुद्धीला आव्हान देणारी अशी तिची ख्याती. किशोरीताईंनी त्या वीणकामाचा पीळ सैल केला आणि मधल्या जागेत भावाला बसू दिले. घराण्यातल्या कर्मठांनी याबद्दल नाके मुरडली. आम्हांला वाटते, कर्मठांची हरकत अगदीच निराधार नव्हती. विलंबित आलापीत रंगून गेल्यावर कधी कधी मूळ बांधणीचा डौल हरवे. पण जे मिळे ते हरवलेल्यापेक्षा मोठे असे.

त्या रात्री मध्येच पुढच्या रांगेतून कोणीतरी चिठ्ठी पाठविली. फर्माईश असणार. भूप चालू होता, तेव्हा बहुधा त्यांची सर्वांना पाठ असलेली ‘सहेला रे’ ही बंदिश मागितली असावी. बाईंनी ती चिठ्ठी उघडलीही नाही. बाजूला ठेवली आणि ज्या स्वरावर होत्या तेथूनच पुढे गेल्या. मंडपात थोडी कुजबुज झाली, आणि मग त्यांनी डोळे उघडून जे पाहिले, त्या पाहण्याने ती कुजबुज विझली.

किशोरीताईंच्या या कडकपणाच्या कथा महाराष्ट्रात पुष्कळ सांगितल्या जातात. मध्येच उठणारे, बोलणारे, उशिरा येऊन जागा शोधणारे श्रोते त्यांना खपत नसत. प्रसंगी त्या गाणे थांबवीत. चाहते या गोष्टी कौतुकाने सांगतात, टीकाकार ‘लहरीपणा’ म्हणून सांगतात. दोघेही एक गोष्ट विसरतात. किशोरीताईंनी अनेक मुलाखतींतून आपल्या आईविषयी सांगितले आहे. मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) या केवढ्या मोठ्या गायिका. पण त्यांच्या मागे तंबोरा घेऊन बसणाऱ्या लहान किशोरीने पाहिले की, गाण्याला वाहवा देणारी माणसे गाणारीच्या राहण्याची, प्रवासाची, बिदागीची नीट वास्तपुस्त करीत नाहीत. स्त्री कलावंताचा आवाज हवा, तिचा मान ठेवण्याची गरज नाही, असा तो व्यवहार. त्या मुलीने मनाशी गाठ बांधली की, आपण गाऊ तेव्हा असे होऊ देणार नाही. पुढे लोकांनी ज्याला तोरा म्हटले, तो एका मुलीने आईच्या वतीने मागितलेला हिशेब होता, असे आम्ही समजतो.

मोगूबाई गोव्यातील कुर्डीच्या. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेले हे गाव. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याची जोती, वाटा, सोमेश्वराचे देऊळ वर येते आणि पांगलेले गावकरी काही दिवसांपुरते तेथे जमतात. या गावात आपले ख्रिस्ती बांधवही नांदत होते. मोगूबाई ज्या समाजात जन्मल्या, तो गोव्याच्या देवळांतून पिढ्यान्‌पिढ्या गायन-नर्तनाची सेवा करणाऱ्या कलावंतांचा समाज. देवळाच्या सभामंडपात त्यांच्या गाण्यावाचून उत्सव पुरा होत नसे, आणि देवळाबाहेर त्यांच्या घराण्याचे नाव लोक आडून घेत. ही गोष्ट वाचकांनी क्षणभर बाजूला ठेवावी. तिच्याकडे आम्हांला परत यावयाचे आहे.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात कानांच्या सुखाविषयी लिहिले आहे. मिलान येथील ख्रिस्तमंदिरात स्तोत्रे ऐकून आपण कसे रडलो, हे त्यांना आठवते. तरीही त्यांना एक धास्ती वाटते. गायिल्या जाणाऱ्या शब्दांपेक्षा गाणाऱ्याच्या आवाजानेच आपण अधिक हेलावतो, असे ज्या वेळी ध्यानात येते, त्या वेळी तो आपला अपराध झाला असे ते मानतात, आणि असे होणार असेल तर गाणे न ऐकलेलेच बरे, असे त्यांना वाटून जाते. अलेक्झांड्रियाचे संत अथनेशियस म्हणे स्तोत्रे इतक्या कमी चढउतारांनी म्हणवून घेत की, ते गाण्यापेक्षा बोलण्यासारखे लागे. ऑगस्टीनना तेही आठवते. शेवटी ते गाण्याच्या बाजूने कौल देतात, पण चाचरत. सेमिनरीत हा उतारा आम्हांला वाचावयास लावला होता, तेव्हा तो अतिरेकी वाटला होता. किशोरीताईंचे गाणे ऐकल्यावर तो तसा वाटेनासा झाला. कारण त्या स्वतः अगदी उलट टोकाला उभ्या होत्या. शब्द स्वराला मर्यादा घालतो, स्वरालाच स्वतःचा अर्थ आहे, अशी त्यांची धारणा. ‘स्वरार्थरमणी’ हा त्यांनी लिहिलेल्या ग्रंथाचा मथळाच ती धारणा सांगतो. ख्यालापुरते आम्हांला हे पटते. ख्यालातले शब्द पुष्कळदा स्वरांना टेकावयास दिलेली काठी असते. पण मैफल ख्यालावर संपत नाही.

मैफल भैरवीवर संपते. आणि किशोरीताईंच्या मैफलीच्या शेवटी चाहते ज्याची वाट पाहत असत, तो ‘अवघा रंग एक झाला’ हा अभंग. त्याला चाल त्यांची, राग भैरवी. त्या रात्रीही शेवटी तोच आला. सूर लागताच मंडपातून एक सुस्कारा उठला. काहींनी डोळे पुसले. ज्यांनी भूपात तासभर धीर धरला होता त्यांना आता त्याचे फळ मिळत होते, आणि ज्यांना भूप कळला नव्हता त्यांनाही हे कळत होते. चाहता आणि रसिक अशा क्षणी एक होतात, हे खरेच आहे.

हा अभंग कोणाचा? त्या मंडपातील दहांपैकी किती जणांना सांगता आले असते, याविषयी आम्ही साशंक आहोत. अभंग सोयराबाईंचा, संत चोखामेळा यांच्या पत्नीचा. चोखोबांचे जन्मगाव परंपरेने मेहुणा राजा मानले जाते. ते बुलढाणा जिल्ह्याच्या देऊळगाव राजा तालुक्यात, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्याच्या शेजारीच आहे. चौदाव्या शतकातले हे कुटुंब सारेच अभंग रचणारे: चोखोबा, सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका. सोयराबाईंचे साठाच्या आसपास अभंग आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी एकात त्यांनी विटाळावरच प्रश्न टाकला आहे: देह ज्यातून घडतो त्यालाच विटाळ म्हणावयाचे तर सोवळा देह कोणाचा? चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर काम करीत असता भिंत कोसळून गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या असे सांगतात. त्यांची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर आहे. महाद्वारासमोर, म्हणजे बाहेर. त्या दारातून त्यांच्या ज्ञातीच्या माणसांना आत जाण्याची मोकळीक मिळावयास १९४७ साल उजाडले. त्या वर्षीच्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. सहाशे नऊ वर्षे.

आता त्या अभंगाकडे पुन्हा पाहावे. सारे रंग एक झाले, मी आणि तू हे वेगळेपण उरले नाही, भेदाचे कामच राहिले नाही, असे सोयराबाई म्हणतात. आणि हे पंढरीच्या राजाला पाहिल्याने घडले असे म्हणतात. कोठून पाहिल्याने? ज्या बाईला उंबरठा ओलांडता येत नव्हता ती बाई हे बोलते आहे. तेव्हा हे समाजात घडलेल्या गोष्टीचे वर्णन नव्हे. बडव्यांच्या व्यवस्थेला न विचारता, तिच्या दाराबाहेर बसून केलेली ही घोषणा आहे की, पाहणे तुमच्या हातात नाही. यानंतर शेवटचा चरण येतो, नाममुद्रेचा. तेथे सोयराबाई स्वतःचे नाव घालीत नाहीत. चोखोबांची महारीण म्हणते, असे सांगून त्या अभंग संपवितात. मीपण-तूपण गेले, भेद सरला, असे सांगून झाल्यावर सहीच्या जागी जात येते. विद्वान म्हणतील, नाममुद्रा ही रूढी आहे, तिच्यात फार वाचू नये. अनेक अभंगांत ती अशीच आहे. ठीक आहे. पण रूढी म्हणून लिहिलेले शब्दही कोठे उभे राहतात त्यावरून बोलू लागतात. भूपातला गांधार आणि देशकारातला गांधार एकच असूनही एकच नसतो, तसे. आम्हांला ती सही जाणूनबुजून केलेली वाटते. एकरूपतेच्या आनंदातही ती बाई आपण कोण आणि कोठे उभ्या आहोत हे पुसून टाकावयास तयार नाही.

मग मैफलीत हा अभंग गाताना या सहीचे काय होते, हा आमचा प्रश्न आहे. आणि समीक्षेचा प्रश्न म्हणून तो आम्ही गायिकेपेक्षा श्रोत्यांना अधिक विचारू इच्छितो. शेवटचा चरण येईतो श्रोत्यांपैकी निम्मे जण पिशव्या आवरीत असतात, चपला कोठे काढल्या होत्या हे आठवीत असतात, आणि उरलेले टाळ्यांसाठी हात मोकळे करीत असतात. पहिल्या चरणावर डोळे पुसणारे शेवटच्या चरणाला बहुधा हजर नसतात. ‘अवघा रंग’ त्यांना हवा आहे, कारण तो त्यांना काहीच मागत नाही. शेवटचा चरण मागतो.

हे एकट्या किशोरीताईंच्या चाहत्यांचे नाही. पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी गायिलेला ‘अबीर गुलाल’ हा चोखोबांचा अभंग घ्यावा. मंगेशीच्या देवळाच्या सावलीत वाढलेला हा थोर गायक. चाल अशी की टाळ्यांचा ठेका आपोआप धरला जातो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही भक्तिसंगीताच्या कार्यक्रमात तो म्हटला जातो, आणि लोक डोलतात. त्या डोलण्यातच, जातिहीन असलेल्या आम्ही त्या उंबरठ्याला स्पर्श तरी कसा करावा, ही चोखोबांची विचारणा केव्हा येऊन निघून जाते ते कळतही नाही. चाल इतकी प्रसन्न आहे की जखमेला दुखावयास अवसर मिळत नाही. दोन चालींत निवड करावयाची तर आम्ही किशोरीताईंच्या बाजूने आहोत. अभिषेकीबुवांची चाल त्या अभंगाचा उत्सव करते. ती गोड आहे आणि कवीने स्वतःच वाळवंटात नाचण्याचे म्हटले आहे, हे तिच्या बाजूने सांगता येईल. किशोरीताईंची चाल मात्र घाई करीत नाही. ती शब्दाशेजारी थांबते. जो थांबून ऐकेल त्याला शेवटचा चरण त्या चालीत ऐकू येतो.

शिवाय तेथे भैरवी आहे. भैरवीला आम्ही नुसती शेवटची पाटी समजतो. पण तिचा स्वभाव पाहावा. तिचे ऋषभ, गांधार, धैवत, निषाद कोमल. परंतु ठुमरी-भजनाच्या अंगाने ती गाताना कसलेला गायक बाराही स्वर तिच्यात आणू शकतो. भूपाने ज्या मध्यमाला आणि निषादाला दाराबाहेर ठेवले होते, त्यांनाही येथे जागा आहे. वर्ज्य असे कोणी नाही. रागात स्वर वर्ज्य करणे ही शोभेची गोष्ट आहे; स्वराला त्याचे दुःख होत नाही. सोयराबाईंच्या या अभंगाला किशोरीताईंनी नेमका हा राग दिला, यामागे त्यांच्या मनात काय होते ते त्यांच्याबरोबर गेले. कानाला मात्र ते योग्य वाटते.

आणि आता बाजूला ठेवलेली गोष्ट. देवळाच्या आत गाण्याचा हक्क असूनही बाहेर मान नसलेल्या बायकांच्या वंशातली एक गायिका, देवळाच्या आत जाण्याचाच हक्क नसलेल्या एका बाईचे शब्द, सहाशेहून अधिक वर्षांनी, पुण्या-मुंबईच्या प्रतिष्ठित मंडपांत गाते. समोर बसलेल्यांनी कुजबुज केली तर ती गाणे थांबविते. त्या थांबविण्यात आम्हांला आता दोघींचाही आवाज ऐकू येतो. मोगूबाईंना न मिळालेली शांतता किशोरीताईंनी मिळविली, आणि ती मिळविलेली शांतता त्यांनी रात्रीच्या शेवटी सोयराबाईंना दिली. चाहत्याने एवढे जरी ध्यानात ठेवले, तरी त्याच्या चाहतेपणाला आमची हरकत नाही.

अशा रात्री आता राहिल्या नाहीत, हेही नोंदविले पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद झाले. वर्षातून मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत. पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्र रात्र चाले. त्यालाही दुपारची वेळ धरावी लागली. कायदा रुग्णांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हिताचा आहे, त्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. आमच्या परिसरातील लग्नांच्या वरातीतील यंत्रे ऐकल्यावर तर नाहीच. पण दहाला संपणाऱ्या मैफलीत उत्तररात्रीचे राग ऐकावयाचे केव्हा? आणि अडीच-तीन तास स्वरांत भिजल्यावर येणारी भैरवी आणि मोबाइलवर सात मिनिटांत उरकणारी भैरवी, या एक नव्हेत. पहिलीत आपण थकलेले असतो, सैल झालेले असतो. मनाची दारे उघडी असतात. दुसरीत आपण बसची वाट पाहत असतो.

असे लिहीत असतानाच आम्हांला आमच्याकडील एक संध्याकाळ आठवते, आणि ती या तक्रारीला थोडी छेद देते. वाटूरच्या परिसरातील काही बाया आठवड्यातून एकदा भजनाला जमतात. टाळ, ढोलकी, एक जुनी पेटी. प्रभू येशूची भजने त्या अभंगाच्याच चालींवर म्हणतात, कारण कानांवर लहानपणापासून त्याच चाली आहेत. एके दिवशी वीज नव्हती, पेटीवाला आला नव्हता, म्हणून आम्ही मोबाइलवर हा अभंग लावला. कोणाला ‘शास्त्रीय’ म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, गाणारीचे नावही नाही. त्यांच्यापैकी कोणी तिच्या चाहत्या नव्हत्या. एकीने ‘लई वळती गळा’ एवढा अभिप्राय दिला. पण शेवटचा चरण आला, तेव्हा सगळ्यांच्या माना वर झाल्या. सहीचा शब्द त्यांनी पकडला होता.

“ह्ये कोन बोललं, फादर?” एका आजीबाईंनी विचारले.

आम्ही सोयराबाईंविषयी सांगितले. मेहुणा राजा म्हणताच दोघींनी मान हलविली. तिकडे त्यांचे सोयरे आहेत. मंगळवेढ्याच्या भिंतीची गोष्ट, महाद्वारासमोरच्या समाधीची गोष्ट त्यांनी ऐकून घेतली.

“मंग त्या बाईला आत घेतलं का कवा?”

आम्ही सांगितले की, त्यांना नाही. पण १९४७ च्या मे महिन्यात दार उघडले. आजीबाईंनी बोटांवर काही मोजले.

“म्हंजी माझी माय माझ्या वक्ताला गरवार व्हती तवा.”

मग त्यांनी पुन्हा लावावयास सांगितले. दुसऱ्यांदा संपल्यावर मोबाइल बाजूला ठेवावयास लावला आणि ढोलकी जवळ ओढली. त्यांची चाल भैरवी नव्हती. नेहमीच्या भजनाची, दोन-चार स्वरांत फिरणारी साधी चाल होती, आणि मधले चरण त्यांना पुरते आठवतही नव्हते. ते त्यांनी सरळ गाळले. नाममुद्रेचा चरण मात्र त्या तीनदा म्हणाल्या.